थंड पाण्यातल्या भाकऱ्या: स्किमबोर्डिंगसाठी किनारा कसा शोधायचा

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

इअरफोन लावलेत ना? आजचा एपिसोड चालता चालता ऐकण्यासारखा आहे, कारण आज आपण भरपूर चालणार आहोत. ओल्या वाळूवरून. अनवाणी नाही, कारण पाणी दहा डिग्री आहे, पण त्याबद्दल नंतर.

लहानपणी तळ्यावर भाकऱ्या काढल्या असतील तुम्ही. चपटा दगड घ्यायचा, तिरका फेकायचा आणि तो पाण्यावरून टप टप टप करत जातो. स्किमबोर्डिंग म्हणजे तेच, फक्त दगडाच्या जागी एक पातळ फळी आणि तिच्यावर उभे तुम्ही. लाट येऊन परत गेली की वाळूवर पाण्याचा एक पातळ थर उरतो, दोन-तीन सेंटीमीटरचा. तुम्ही पळत जायचं, फळी त्या थरावर सपाट सोडायची आणि तिच्यावर पाय ठेवून घसरत जायचं. उडी मारायची नाही हां, पाऊल ठेवायचं. उडी मारली की फळी पुढे आणि तुम्ही मागे. हे मी अनुभवावरून सांगतोय.

असं सांगतात की हा प्रकार १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लगूना बीचवर सुरू झाला. तिथले लाइफगार्ड लाकडी फळ्या घेऊन किनाऱ्यावर घसरायचे. पण लगूना म्हणजे ऊन, नारळाचं तेल, इन्स्टाग्राम. मी राहतो सिएटलजवळ. इथे नऊ महिने आभाळ भरलेलं आणि समुद्र बारा महिने गार. तरी इथे स्किमबोर्डिंगवाले आहेत आणि चांगले आहेत. मी त्यांच्यातला चांगला नाही. मी त्यांच्यातला चिकट आहे.

मुद्दा असा की गरम पाण्यात किनारा चुकीचा निघाला तर काही बिघडत नाही. पोहा, भेळ खा, घरी या. थंड पाण्यात किनारा किंवा वेळ चुकली तर दिवस वाया जातो, गुडघे फुटतात आणि कधी कधी त्याहून वाईट होतं. ते वाईट एकदा माझ्या हातून झालंय, ते सांगणार आहे. माझी मावशी हा पॉडकास्ट ऐकते. मावशी, तू आजचा एपिसोड शेवटपर्यंत ऐक आणि मगच फोन कर.

तर पहिला दिवस. एका घराबाहेरच्या सेलमध्ये पंधरा डॉलरला मला एक लाकडी बोर्ड मिळालं. प्लायवूडचं, वर पॉलिश, एका कोपऱ्यात चावल्यासारखा तुकडा उडालेला. रविवार होता. मी सरळ अल्काई बीचला गेलो. सिएटलमधला फेमस बीच, समोर शहराच्या इमारती, फोटो मस्त येतात. पोचलो तर भरती पूर्ण वर आलेली. पाणी जिथे होतं तिथे वाळूपेक्षा गोटेच जास्त. उतार असा की पळताना एक पाय वर, एक खाली. तरी मी बोर्ड टाकलं. खर्रर्र. बोर्ड जागच्या जागी थांबलं, मी पुढे गेलो. गुडघ्याची साल गेली. एक छोटी मुलगी आईला काहीतरी विचारत होती आणि आई तिला 'बघू नको' अशा अर्थाचं काहीतरी सांगत होती.

मी म्हटलं, हा बीच बेकार आहे. पुढे कित्येक महिने मी हेच सांगत फिरलो. तीन तास आधी गेलो असतो तर वेगळाच बीच दिसला असता, हे तेव्हा माहीत नव्हतं.

इथे थोडी भूगोलाची मजा आहे, कंटाळू नका. सिएटल ज्या पाण्याच्या काठावर आहे त्याला प्युजेट साउंड म्हणतात. समुद्राचा जमिनीत घुसलेला लांबलचक फाटा. आपल्या खाडीसारखाच, पण फार खोल. हिमयुगात, साधारण सोळा-सतरा हजार वर्षांपूर्वी, जिथे आज सिएटलच्या इमारती आहेत तिथे जवळजवळ एक किलोमीटर जाडीचा बर्फ होता. बर्फ गेला आणि मागे काय ठेवून गेला, तर माती, खडी, गोटे आणि वाळू, सगळं एकत्र कालवलेलं. किनाऱ्यावरचे कडे त्याचेच आहेत. ते दर पावसाळ्यात थोडे थोडे ढासळतात आणि तेच सामान बीचवर येऊन पडतं. लाटा ते निवडतात, आई सुपात धान्य पाखडते तसं. जड खडी वर राहते, बारीक वाळू खाली जाते.

म्हणून इथल्या बऱ्याच बीचचे दोन मजले असतात. वरचा मजला उतरता आणि खडीचा. खालचा मजला सपाट, वाळूचा, आणि तो फक्त ओहोटीला उघडा पडतो. भरतीला गेलात तर तुम्हाला वरचाच मजला दिसतो आणि तुम्ही माझ्यासारखे 'बेकार बीच' म्हणून घरी येता.

म्हणजे ओहोटी कधी, हे कळलं पाहिजे. आणि इथे माझ्यातला कोकणी माणूस जागा झाला. माझं आजोळ दापोलीजवळचं मुरूड. आजोबांना भरतीचं वेळापत्रक कधी लागलं नाही. कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. त्याच्यापुढे सहा तासांनी 'सुकती', आजोबा ओहोटीला सुकती म्हणायचे. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण बोट काढायला आणि शिंपल्या वेचायला पुरतं.

मी खूश. जून महिना, पौर्णिमा. सव्वाअकराला भरती, म्हणजे संध्याकाळी पाचला ओहोटी. ऑफिसमधून लवकर निघालो, बोर्ड गाडीत. पोचलो तर पाणी वर. गोटे. पुन्हा तेच. एक कुत्रा फिरवणारे आजोबा म्हणाले, सकाळी यायला हवं होतंस, अकरा-बारा वाजता पाणी इतकं आत गेलं होतं की पोरं मैदानासारखी पळत होती.

म्हणजे सूत्र बरोब्बर उलटं. पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता कोकणात भरती आणि इथे त्या महिन्यातली सगळ्यात तळाची ओहोटी. आजोबा चुकीचे नव्हते. ते सूत्र आपल्या किनाऱ्याचं आहे. चंद्र डोक्यावर आल्यावर किती वेळाने पाणी चढतं हे प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं आणि प्युजेट साउंडमध्ये पाणी उत्तरेकडून वळसे घेत आत येतं. वर इथल्या दोन ओहोटी सारख्या नसतात. एक खरी खोल, दुसरी नावापुरती. नावापुरतीला गेलात तर खालचा मजला उघडतच नाही. त्यामुळे पाऊणपट सोडा, टाइड टेबल बघा. अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी संस्थेचं फुकट मिळतं, फोनवर दिसतं. त्यात ओहोटीच्या समोर उणे चिन्ह शोधायचं. उणे एक फूट, उणे दोन, उणे तीन. इथले लोक त्याला 'मायनस टाइड' म्हणतात आणि त्या दिवशी ऑफिसात बऱ्याच लोकांना डेंटिस्टकडे जायचं असतं.

आता यातली खरी गंमत ऐका. उन्हाळ्यात इथली सगळ्यात खोल ओहोटी येते भर दुपारी. हिवाळ्यात ती येते मध्यरात्रीच्या आसपास. का, हे सांगायला चंद्र आणि पृथ्वीचा कल वगैरे काढावं लागेल, ते सोडू. पण परिणाम बघा. जून-जुलैत दुपारी बाराला पाणी दूर गेलंय, वाळूचं मोठं मैदान उघडं आहे आणि त्यावर ऊन पडतंय. वाळू तापते. मग भरती सुरू होते आणि ते गार पाणी तापलेल्या वाळूवरून घोट्याघोट्याने सरकत येतं. पाय घाला त्यात. कोमट! मधल्या पाण्याचं तापमान बारा-तेरा डिग्री असेल, पण काठावरच्या त्या दोन इंचात तुम्ही तासभर खेळू शकता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी पाय गार पडले नाहीत म्हणून लक्षात आलं. तेव्हापासून मी ओहोटीच्या अर्धा तास आधी जातो आणि भरती चढायला लागली की दीड-दोन तास खेळतो.

यासाठी माझी आवडती जागा डॅश पॉइंट. टकोमाच्या जवळ स्टेट पार्क आहे, सिएटलहून गाडीने पाऊण तास, ट्रॅफिक नसेल तर. म्हणजे एक तास. साउंडमधल्या स्किमबोर्डिंगवाल्यांची ही पंढरी. इथे वाळू भरपूर आहे, उतार अगदी कमी, आणि ओहोटीला मधे मधे पाण्याची लांबट डबकी राहतात. त्या डबक्यांवर पोरं अशी काही घसरतात की बघत राहावं. एका डबक्यावरून निघायचं, मधल्या वाळूवरून उडायचं, दुसऱ्यात उतरायचं. पहिल्या दिवशी मी तिथे दोन तास बसून फक्त बघितलं. मग तेरा-चौदा वर्षांच्या एका पोराने मला बोर्ड कसं सोडायचं ते दाखवलं. तो मला 'सर' म्हणाला, त्याचं जास्त लागलं.

डॅश पॉइंटला जाताना पार्किंगसाठी डिस्कव्हर पास लागतो. आणि एक गोष्ट भारतातून नवीन आलेल्यांना माहीत नसते. वॉशिंग्टन राज्यात बराचसा किनारा खाजगी आहे. ओहोटीत उघडी पडणारी जमीनसुद्धा. म्हणजे जिथे सहा तासांनी डोक्यावरून पाणी असणार, त्या जमिनीचाही सातबारा असतो! त्यामुळे गुगल मॅपवर छान सपाट वाळू दिसली म्हणून कुणाच्याही घरासमोर उतरू नका. पब्लिक पार्क किंवा पब्लिक अ‍ॅक्सेस लिहिलेलं बघा आणि त्याच्या हद्दीत राहा.

दक्षिणेला ओरेगन राज्यात उलट आहे. तिथे १९१३ साली गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांनी ओली वाळू सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर करून घेतली आणि १९६७ साली, टॉम मॅकॉल गव्हर्नर असताना, 'बीच बिल' आलं. त्यामुळे झाडोऱ्याच्या रेषेपर्यंतची कोरडी वाळूही सगळ्यांना वापरायला मोकळी झाली. सगळा किनारा. पोर्टलँडहून दीड तासात कॅनन बीच, जिथे तो हेस्टॅक रॉक आहे, पाण्यात उभा असलेला बहात्तर मीटर उंच खडक. फोटो तुम्ही बघितलाच असेल. त्याच्या आजूबाजूची वाळू सपाट आणि घट्ट आहे. खडकाच्या बुडाशी मात्र जाऊ नका. तिथे समुद्री जीव आहेत आणि कालवांची धार ब्लेडसारखी असते.

आता मोठ्या समुद्राचा किनारा. पॅसिफिक. इथे वेगळं डोकं लावावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी विलर्ड बॅस्कम नावाचा एक माणूस याच किनाऱ्यावर हिंडत होता, पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारा लष्करी ट्रक घेऊन. सैन्याला बोटी किनाऱ्याला लावायच्या असतात, त्यांना कळायला हवं होतं की कुठला बीच किती उतरता आहे. तर हा माणूस बर्कलीच्या टीमबरोबर तो ट्रक लाटांमध्ये घालून खोली मोजायचा. नंतर १९५१ साली त्याने वाळूचा कण आणि किनाऱ्याचा उतार यांचं नातं मांडलं. वाळू जाड, तर उतार जास्त. वाळू बारीक, तर किनारा सपाट. कारण सोपं आहे. जाड वाळूत पाणी मुरतं. लाट वर चढताना वाळू घेऊन येते, पण परत जाताना पाणीच उरत नाही, म्हणून वाळू वरच राहते आणि उतार वाढतो. बारीक वाळूत पाणी मुरत नाही, ते वरूनच परत जातं आणि वाळू ओढून नेतं.

त्याने हे सैन्यासाठी केलं, पण स्किमबोर्डिंगवाल्याला याहून चांगली टीप कुणी दिली नाहीये. कारण आपल्याला काय हवंय? न मुरणारा पातळ थर. म्हणजे बारीक वाळू. लाट मागे गेल्यावर वाळू आरशासारखी चमकत राहते का ते बघा. आभाळ दिसतंय त्यात, आणि पाच-सहा सेकंद दिसत राहतंय, तर बीच चांगला. लाट गेली आणि वाळू लगेच मंद, कोरडी झाली, तर ती जाड आहे. बोर्ड अडकणार. दुसरं म्हणजे टाच मारून बघा. टाच दाबल्यावर आजूबाजूची वाळू फिकी पडली आणि पाय रुतला नाही, तर पळायला छान. रुतला तर घोटा सांभाळा.

उलट, उतरत्या बीचवर दुसरा खेळ चालतो. तिथे लाट काठावरच फुटते, तर बोर्डवरून घसरत त्या लाटेला जाऊन भिडायचं आणि वळून परत यायचं. लगूनात तेच करतात. त्याला फोमचं बोर्ड लागतं. थंड पाण्यात तो खेळ मी करत नाही. गुडघा पस्तिशीचा आहे.

बारीक वाळू हवी तर कोलंबिया नदीच्या तोंडाजवळ जा. ही नदी हजारो वर्षं बारीक वाळू समुद्रात ओततेय आणि लाटा ती दोन्ही बाजूंना पसरवतात. उत्तरेला लाँग बीच, दक्षिणेला ओरेगनचा वरचा भाग. लाँग बीचवर तर वाळू इतकी घट्ट की गाड्या चालवायला परवानगी आहे, ताशी पंचवीस मैल. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला एकदम मुरूड-कर्दे आठवलं. ओहोटीला आम्ही मामाच्या जीपमधून तसेच जायचो. तेव्हाच कळायला हवं होतं की जिथे गाडी चालते तिथे बोर्ड चालेल.

ओरेगनला पॅसिफिक सिटी नावाचं गाव आहे, केप किवांडाच्या पायथ्याशी. तिथे मच्छीमार सपाट बुडाच्या होड्या वाळूवरूनच पाण्यात ढकलतात आणि येताना इंजिनाच्या जोरावर सरळ वाळूवर चढवतात. बघायला भारी. पण त्या होडीला ब्रेक नसतो. हॉर्न ऐकू आला की बोर्ड उचला आणि बाजूला व्हा.

आणि हो, इथे उन्हाळ्यात पाणी गरम होईल अशी आशा ठेवू नका. उन्हाळ्यात उत्तरेकडून वारा सुटतो, तो वरचं पाणी समुद्राकडे ढकलतो आणि खालचं बर्फासारखं पाणी वर येतं. ऑगस्टमध्येही दहा-बारा डिग्री. कॅलेंडर उन्हाळा म्हणतं, पाय डिसेंबर म्हणतात. दुपारी वाराही बोचतो, म्हणून मोठ्या समुद्रावर मी सकाळी जातो.

आता ती गोष्ट.

माझा मावसभाऊ पोर्टलँडला मास्टर्ससाठी आला. पुण्याचा पोरगा, पोहण्यात पटाईत, टिळक टँकवर वाढलेला. फेब्रुवारीत एक शनिवार असा उगवला की स्वच्छ ऊन. इथे हिवाळ्यात असं ऊन पडलं की माणसं वेडी होतात. मी त्याला म्हटलं, चल, ओरेगनच्या किनाऱ्यावर. बीचचं नाव सांगत नाही, बीचची चूक नव्हती. माझ्याकडे माझा वेटसूट होता, चार मिलिमीटरचा, आणि बूट. त्याच्यासाठी काही नव्हतं. तो म्हणाला, "दादा, घोट्याएवढ्या पाण्यात काय होतंय?" ट्रॅक पँट, जर्सी. मी हो म्हटलं. मी हो म्हटलं, हे लक्षात ठेवा.

पोचल्यावर वीस मिनिटं समुद्र बघायचा, हा नियम मला माहीत होता. तिथे बोर्ड लावलेले असतात, समुद्राकडे पाठ करू नका, ओंडक्यांवर चढू नका. आम्ही पाच मिनिटं बघितलं. छोट्या लाटा, छान चमकणारी वाळू. हिवाळ्यात मोठ्या लाटा वाळू ओढून आत नेतात, बीच खाली बसतो, त्यामुळे उन्हाळ्यात ओळखीचा असलेला किनाराही वेगळा झालेला असतो. ते दिसत होतं मला. दिसत होतं आणि मी बोललो नाही.

चाळीस मिनिटं धमाल केली. तो चार वेळा पडला, कपडे ओले, हसतोय. मग त्याचं बोर्ड परतीच्या पाण्याबरोबर आत गेलं. सर्फबोर्डला पायाला दोरी असते, स्किमबोर्डला नसते. तो त्याच्यामागे गेला. गुडघा, मांडी, कंबर. मी ओरडलो. आणि तेवढ्यात ती लाट आली. आधीच्या सगळ्या लाटांच्या दुप्पट. या किनाऱ्यावर त्यांना 'स्नीकर वेव्ह' म्हणतात, चोरपावलांनी येणारी लाट. वीस-वीस मिनिटं काही येत नाही आणि मग एक येते, ती पार वरच्या ओंडक्यांपर्यंत जाते. तिथे एक ओंडका पडला होता, गाडीएवढा. त्या पाण्याने तो ओंडका उचलला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, एवढा मोठा ओंडका घोट्याएवढ्या पाण्यात फिरला. भाऊ त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर होता. पाण्याने त्याला पाडलं, ओढलं, दोन वेळा डोकं आत गेलं आणि मग वाळूवर आणून टाकलं. नशीब. त्यात माझं काही नव्हतं. मी तोपर्यंत कंबरेच्या पाण्यापर्यंतही पोचलो नव्हतो.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मी ठीक आहे." पण त्याला जर्सीची चेन उघडता येईना. बोटंच ऐकत नव्हती. गाडीची किल्ली मी त्याच्या हातात दिली आणि ती पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. तो त्या किल्लीकडे असा बघत होता की ती काय वस्तू आहे. तेव्हा मला भीती वाटली.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी थंड पाण्यासाठी १-१०-१ असा एक हिशोब सांगितला आहे. गार पाण्यात पडलात तर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला. छाती धडधडते, श्वास खेचला जातो, तेव्हा पाणी गिळू नका, धीर धरा. मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. आणि बेशुद्ध व्हायला १ तास लागतो. लोक तिसऱ्या आकड्याला घाबरतात. घाबरायचं दुसऱ्याला. पट्टीचा पोहणारासुद्धा दहा मिनिटांनी पोहू शकत नाही, कारण दंडातल्या स्नायूंना निरोपच पोचत नाही. टिळक टँकचा इथे काही उपयोग नाही. आणि माझा भाऊ तर त्याआधी चाळीस मिनिटं ओल्या कपड्यांत वाऱ्यावर होता.

मी त्याचे ओले कपडे काढले, माझे कोरडे घातले, टोपी घातली, गाडीचा हीटर लावला. हात चोळले नाहीत, चोळायचे नसतात. थर्मासमध्ये चहा होता, गोड, तो घोट घोट दिला. पंचवीस मिनिटं तो थडथडत होता, दातांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "दादा, आईला सांगू नको."

सांगितलं नाही. मावशी, आज सांगतोय. त्यालाही विचारलंय, तो म्हणाला सांग.

आता तुम्ही विचाराल, मग तू सोडलंस का? नाही. पण माझी बॅग बदलली. गाडीत आता दोन वेटसूट असतात, एक माझा, एक पाहुण्याचा. वेटसूट नसेल तर पाहुणा वाळूत बसतो, कॉफी पितो आणि व्हिडिओ काढतो, कितीही गळ घातली तरी. थंडीत पाच मिलिमीटरचा, उन्हाळ्यात तीन-दोनचा. बूट पातळ तळव्याचे घ्या, जाड तळव्याने बोर्ड कळत नाही. कोरडे कपडे गाडीत नाही, सोबत बॅगेत, किनाऱ्यावर. कारण गाडी दहा मिनिटांवर असते आणि चेन उघडायला बोटं लागतात. हिवाळ्यात मोठ्या समुद्रावर मी स्किम करतच नाही, जॅकेट घालून वरून बघतो. आणि बोर्ड गेलं तर गेलं. त्या दिवशीचं बोर्ड, ते पंधरा डॉलरचं, चावलेल्या कोपऱ्याचं, समुद्राने ठेवून घेतलं. आता नवीन बोर्डवर मी मार्करने मराठीत लिहिलंय: 'मागे जाऊ नकोस'. डॅश पॉइंटची पोरं विचारतात हे काय लिहिलंय. मी सांगतो, आमच्या देवाचं नाव आहे.

तो भाऊ पाच महिने किनाऱ्याकडे फिरकला नाही. मीही विषय काढला नाही. मग जुलैमध्ये एका रात्री त्याचा मेसेज आला, टाइड टेबलचा स्क्रीनशॉट. शनिवार, अकरा चाळीस, उणे २.८ फूट, डॅश पॉइंटजवळचं स्टेशन. खाली लिहिलं होतं: "दादा, सूट माझ्या मापाचा आहे ना?"

गेलो आम्ही. ऊन होतं, डबकी भरलेली होती. अर्धा तास तो नुसता बसून पाणी बघत होता आणि मी काही बोललो नाही. मग उठला, पळाला, बोर्ड सोडलं, पाऊल ठेवलं. सात-आठ मीटर गेला असेल. पडला तो घोट्याएवढ्या पाण्यात, कोमट.

चला, याच शनिवारी पुन्हा दुपारी बाराच्या आसपास मायनस टाइड आहे, मला लवकर झोपायला हवं. सिएटल-पोर्टलँडकडचे कुणी येणार असाल तर मेसेज करा, सूटचं माप आधी कळवा. आणि मावशी, आता कर फोन.